आगीचे कारण

सोळा वर्षं मी आग विझवली
पळसाच्या ओल्या फांदीनं.
किनवटच्या डेपोत माझी ओळख एवढीच,
वणवा दिसला की बाई आधी पळते
मग शिट्टी वाजवते.

तहसीन आली परभणीहून
सुतळीचा चौकोन घेऊन.
जमिनीवर टाकायची, आतलं मोजायची,
सागाची रोपं, कुसळी,
राख बोटाच्या कितव्या पेराला लागते.
तीन उन्हाळे. मी पाणी धरून उभी.

दरसाल जळणाऱ्या तुकड्यात
तिवसाचं एक रोप नाही.
कधीच न जळलेल्यात गवत छातीला,
आणि चैत्रात पेटलं तेव्हा
शेंड्यांवरून गेलं, पिंगळ्याची ढोलीसुद्धा उरली नाही.
माघात, दहिवर असताना लावलेली आग मात्र
गुडघ्याखाली सरपटली,
दुपारी आपोआप निजली.

हे तिनं बैठकीत नकाशावर दाखवलं.
मागच्या बाकावरून लिंगू मडावी म्हणाला,
"दहिवरातच लावायचो की आम्ही."
कोणी काही बोललं नाही.
त्याच्या दंडाची पावती
माझ्या अक्षरात आहे. तीनशे रुपये.

आज माघातली पहाट. वारा पडलेला.
लिंगू गवत चुरगाळून बघतो, मान हलवतो.
मी काडी ओढते.
हात थरथरतो, दुसरी ओढते.

संध्याकाळी नोंदवहीत तोच रकाना:
आगीचे कारण.
आजवर तिथं 'अज्ञात' लिहीत आले.
आज माझं नाव लिहिलं.
खाली थोडी जागा होती,
लिंगूचंही लिहिलं.