दिवस गेले

चिआतुराच्या दवाखान्यात तिला सांगितलं,
दिवस गेलेत.
नेस्तानने बोटं मोजली नाहीत. सासूने मोजली.
मालखाज ट्रक चालवायला पोलंडात गेला
त्याला आठ महिने झाले होते.
दारेजान काही बोलली नाही, फक्त
सुनेचा पेला वेगळा विसळू लागली.

सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं.
नळ्या धुंडाळल्या, त्याही रिकाम्या.
मग एक इंजेक्शन, असेल कुठेतरी या हिशेबाने.
आकडा चढतच राहिला.
दिवस खरंच जात होते.

मी तिला पाहिलेलं नव्हतं.
तिबिलिसीत, तळघरातल्या माझ्या टेबलावर
आली ती फक्त एक कुपी.
मशीनने हात टेकले.
मी रक्त पातळ केलं, दहा पट, शंभर पट,
म्हटलं, चूक माझी असेल.
नव्हती.

खोकला थांबेना म्हणून काढलेला छातीचा फोटो
कुणीतरी उजेडाकडे धरला:
उरोस्थीमागे, हृदयाला टेकून,
मुठीएवढं काहीतरी
पोटभाडेकरूसारखं ठाण मांडून.

सुईने आणलेला तुकडा शेवयीएवढा.
काचपट्टीवर वारेच्या पेशी.
बाळ नाही, बाळंतपण नाही, आणि वार!
तीही उरात.
एकतीस वर्षं मी हे पुस्तकात वाचत होते,
तेही पुरुषांच्या प्रकरणात.
हिची तर अंडाशयं धडधाकट.

म्हणतात, नेस्तान स्वतः
आईच्या पोटात तीळभर होती तेव्हा
बीजपेशी निघाल्या होत्या मधल्या वाटेने
आपापल्या घरी.
एखादी मागे राहिली असेल.
कुणी हाक मारली नसेल.

एक प्रश्न उरला होता. कुठल्या जुन्या गर्भाचं हे बी
की तिचं एकटीचं?
उपचार त्यावर ठरतो.
(आणखीही काही ठरत होतं चिआतुरात,
पण ते अर्जावर लिहीत नाहीत.)
जनुकं वाचली. एकेक अक्षर तिचंच.
कुठल्याही पुरुषाची त्यात वेलांटीसुद्धा नाही.

तो कागद मी दोन प्रतींत छापला.
नियमात एकच बसते.

एतेरी डॉक्टरांनी तीन औषधं लिहिली, मग एक खोडलं.
ते फुप्फुसं आवळतं, म्हणाल्या,
पुढे छाती उघडायची आहे, आणि ही गाते.
बायकांच्या मेळ्यात तळचा सूर हिचा,
बाकीच्या ज्यावर उभ्या राहतात तो खर्ज.
खोडल्या जागी दुसरं घातलं.
चार फेऱ्या. बादली. केस उशीवर.
माझ्याकडे कुप्या येत गेल्या:
एक्केचाळीस हजार. सहा हजार. दोनशे. अकरा.
अकरावर मी आख्खी रात्र अडकले.

शस्त्रक्रियेत निघालं ते माझ्याच टेबलावर आलं:
मेलेल्या पेशी, थोडी कूर्चा,
आणि एक केस, काळा, कुरळा,
जो औषधाने गळला नव्हता.

दारेजान एकदा जिने उतरून आली.
माफी वगैरे नाही. अक्रोडाच्या माळा
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या,
टेबलावर ठेवल्या, दुसरी प्रत मागितली,
घडी घालून छातीशी खोचली.

नेस्तानचा आवाज मी फोनवरच ऐकला.
अजून धापेत होता, पण जाड, तळाचा.
शून्य आला का, तिने विचारलं.
मी म्हटलं, बाई, हे मशीन शून्य म्हणत नाही.
एकाहून कमी, एवढंच म्हणतं.
ती जरा गप्प राहिली.
मग म्हणाली, पुढच्या महिन्यात परत विचारा त्याला.