शेवटचा फर्मा

आमच्या वाचनालयातलं 'बंद तिकीटघर'
एकशे ब्याण्णव पानांवर थांबतं.
टपालमास्तर दाभोळे चष्मा पुसतात,
दार लावून घेतात,
म्हणतात, "या खोलीतल्या एकानं काल रात्री"
आणि पुठ्ठा.

दोन हजार पाचला कृष्णा चौथ्या फळीपर्यंत आली होती.
दोरीवर वाळत घातलेल्या पुस्तकांत हेही होतं;
शेवटच्या सोळा पानांची भाकरी झाली होती,
ती मी उलथन्यानं काढून टाकली.
दस्तगीर बाइंडरनं विचारलं,
"शेवट न्हाई ह्याला. बांधू?"
मी म्हटलं, बांधा.
'अपूर्ण'चा शिक्का होता खणात. मारला नाही.

महिनाभर तक्रारीची वाट बघितली.
कुणी काही बोललं नाही.
पुस्तक जायचं, यायचं, पुन्हा जायचं,
तारखांची चिठ्ठी भरली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.

आता सिनेमा आला. शुक्रवारी विश्रामबागेत लागला
आणि शनिवारी मी कुलूप काढायच्या आत
मगदूम अण्णा पायरीवर, नखांत हळद तशीच.
"कंपाउंडर? अहो, बाराव्या पानावर
भावाला मनिऑर्डर करतोय तो.
असला माणूस इख घालतोय व्हय?
भावजयच ती. मी किती वर्षं सांगालोय."

मिरजेहून सिस्टर एस्तेर आल्या, ड्यूटी संपवून, डोळे लाल.
त्या औषधानं माणूस अर्ध्या तासात जात नाही म्हणाल्या,
चाळीस वर्षं बघतेय मी माणसं जाताना.
काटे मागं कुणी केले? घड्याळजीनं. मग?

गणपती पेठेतले घड्याळवाले कोष्टी
यावर काही बोलले नाहीत.
नंतर हळूच म्हणाले,
पडद्यावर तो चावी उलटी देत होता.

बिरनाळ्यांच्या समृद्धीला खुन्याशी देणंघेणं नव्हतं.
"पाऊस कशाला घातला, मॅडम?
पुस्तकात खडखडीत ऊन आहे.
उन्हात भीती वाटायची, तेच तर होतं."

एकमत एवढ्यावरच झालं
की सिनेमावाल्यांनी शेवट बदलला.
दिग्दर्शकाला पत्र लिहायचं ठरलं.
अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं,
अकरा सह्या झाल्या.
'मूळ कादंबरीत खुनी' इथं पेन अडलं.
अकरा जण एकमेकांकडे बघत राहिले.
सिस्टर म्हणाल्या, जागा सोडा, नंतर भरू.

मंगळवारी तासगावच्या एका मुलानं
वारलेल्या वडलांची पुस्तकं आणून टाकली,
बेदाण्याच्या खोक्यातून, अजून वास येत होता.
तळाशी 'बंद तिकीटघर'.
दोनशे आठ पानं.

दुपारी पंखा बंद करून वाचलं.
कंपाउंडरच.
सिनेमात जसं आहे तसं, शब्द न् शब्द.
मनिऑर्डर जात होती त्या पत्त्यावर
भाऊ कधी राहतच नव्हता.
आणि पाऊसही होता, पान दोनशे तीनला,
फक्त आमच्यापर्यंत पोचला नव्हता.

माझा खुनी यातला कुणीच नव्हता.
तो मी कुणाला सांगितला नाही,
आता तर नाहीच.

नव्या प्रतीला नंबर घातला,
जुनीच्या शेजारी ठेवली,
पत्र खणात, जागा सोडलेलं.

शनिवारी अण्णा आले. दोन्ही प्रती काढल्या,
एक या तळव्यावर, एक त्या,
अडत्याचा हात, काट्याशिवाय चालतो.
बराच वेळ तोलत राहिले.
"ही जड लागतीय," म्हणाले,
आणि ती फळीवर सरकवली.

जुनी पुढं केली.
मी पान उघडून
चौथी चिठ्ठी चिकटवली.