दुसरी किल्ली

नागदेवी स्ट्रीटला ताहेरभाईंनी काउंटरवर
पाच कुलुपं मांडली,
पाटीवर मासे मांडावेत तशी, तोंडं माझ्याकडे.
म्हटलं, ट्रेलरच्या कपलरला हवंय.
मढला असतो, जेट्टीच्या रस्त्यावर.
दिवसा बर्फ वाहतो,
रात्री त्याच्याजवळ कुणी नसतं.

"म्हणजे खारी हवा,"
एवढं बोलून त्यांनी तीन कुलुपं परत आत टाकली.
सगळ्यात चकचकीत होतं तेही.
"ही चमक एका पावसाळ्याची.
मग किल्ली अर्धी वळते आणि रुसते."

उरली दोन.
एकाची कडी लांब, देखणी.
"लांब कडीत पहार शिरते, बाई.
जिथं तुमचं बोट जात नाही, ते घ्या."

दुसरं म्हणजे लोखंडाचा लाडूच.
कपलरच्या तोंडात कोंबायचा, वरून पट्टा,
भोकावर रबराची पापणी.
हातात तोलून पाहिलं: सव्वा किलो.
त्यांनी काट्यावर टाकलं. सव्वा किलोच.
माझा हात मासळीवर वाढलाय.

"हे चोराला अडवत नाही," ते म्हणाले,
"कंटाळा आणतं. कुलपाचं काम तेवढंच."
मग सहज, पावती फाडता फाडता:
"आधीचा ट्रेलर कसा गेला?"

आधीचं कुलूप तुटलं नव्हतं.
उघडून, ट्रेलर जीपला जोडून,
कुलूप खांबाच्या कडीत अडकवून
दाबून बंदसुद्धा केलं होतं.
आमचा मोरेश्वर
लहानपणापासून टापटिपीचा.

ताहेरभाईंनी चष्मा काढून पुसला.
मी विचारलं, एकाच किल्लीचं कुलूप मिळतं?
"कुणी बनवतच नाही.
बनवणारा धरूनच चालतो,
घरात आणखी कुणीतरी असणार."
आणि खालचा खण ओढला.
आत किल्ल्याच किल्ल्या, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधलेल्या,
काहींची शाई उडालेली.
"ठेवायची तर ठेवा इथं. भाडं नाही."

नको म्हटलं. का, ते माहीत नाही.

वर्सोव्याहून तरीत बसले.
पिशवी मांडीवर, खाली पाणी,
किल्ली बारीक, कुणाला कळलंही नसतं.
पलीकडे उतरले तेव्हा दोन्ही होत्या.

संध्याकाळी कपलरला ग्रीस फासलं,
लाडू कोंबला, पट्टा ओढला. खट्.
पट्ट्यात बोट घालून पाहिलं. गेलं नाही.
एक किल्ली कमरेला.
हात धुऊन चुलीपाशी आले
आणि दुसरी, सवयीनं,
दाराआडच्या खिळ्याला अडकवली.

तो खिळा काढायचा राहूनच गेला होता.