ग्रेसचे तीन

शिवाजीनगर कोर्टाच्या गेटपाशी
माझा वकील वाकून माझ्या पाया पडतो
आणि मला तो ओळखू येतो,
चेहऱ्यावरून नव्हे,
डोक्यावरच्या दोन भोवऱ्यांवरून.
शेवटच्या बाकावर, पंख्याखाली,
चार सेमिस्टर मी तेवढेच पाहिले होते.

विक्रांत ढमढेरे.
दिवाणी प्रक्रिया संहिता: सदतीस.
पास चाळीसला.
तीन मी दिले.

नऱ्ह्यात, फर्निचरच्या गोडाऊनवर कॉलेज.
पटावर साठ, वर्गात सहा,
मूट कोर्टात इन्व्हर्टर आणि मोडक्या खुर्च्या.
मी तासिका तत्त्वावर.
शनिवारी एकाच पेनाने सगळ्यांची हजेरी भरायचो,
मधूनमधून एखादा गैरहजर टाकायचो,
खरं वाटावं म्हणून.

"फी नको सर, तुमच्यामुळे वकील झालो."
सकाळी तो भाडेकरार करतो, अकरा महिन्यांचे,
दुपारी सिनिअरसाठी तारखा मागतो,
पेट्रोलपुरतं सुटतं.
बँडला हळदीचा डाग आहे. डबा कोर्टातच खातो.

चुलतभावाने माझ्यावर दावा लावलाय,
सासवडचे बावीस गुंठे.
समन्स मिळालं त्याला झाले एकशे चार दिवस.
आज आदेश झाला:
प्रतिवादीची लेखी कैफियत नाही.
दावा तसाच पुढे चालवा.

टपरीवर चहा अर्धा झाल्यावर
तो हळूच विचारतो,
"सर, ती नव्वद दिवसांची मुदत
नेमकी लिहिलीय कुठे?"

ऑर्डर आठ, रूल एक.
गाईडचं पान एकशे बारा.
तिथे पेन्सिलीची फुली मारायला
मीच सांगितलं होतं सगळ्या वर्गाला:
"हे सोडा रे. सात वर्षांत आलेलं नाही."

पोरानं सोडलं.
माझ्या हाताखाली एवढीच गोष्ट
तो इमानदारीनं शिकला असावा.

चहाचे पैसे त्यानं दिले. मी देऊ दिले.
आता टायपिस्टच्या बाकड्यावर बसून
विलंब माफीचा अर्ज लिहितोय आम्ही.
मायना झाला, दावा नंबर झाला,
"विलंब होण्याचे सबळ कारण की,"
इथे पेन थांबलंय.

तो विचार करत कागदावर आणखी वाकतो.
दोन भोवरे.
पाठीमागे कुठल्या तरी कोर्टाचा पुकारा होतो,
आमचा नाही.
मी अजून काही सांगितलेलं नाही.