शून्याचं टोक

मा. अधीक्षक साहेब, उत्पादन शुल्क, नाशिक.
विषय : बिअर कुठे विकावी, या नव्या मसुद्यावर हरकती व सूचना.
माझी हरकत नाही. सूचनाही नाही.
एक सांगायचं राहिलंय.

मी रंगनाथ खैरे, निवृत्त जवान.
तेवीस वर्षं फितीचं शून्य माझ्या हातात.
शून्य धरणाऱ्याला आकडा दिसत नाही.
आकडा पलीकडे, साहेबांच्या बोटाखाली उगवायचा,
आणि मी वाकलेला,
कधी शाळेच्या फाटकाशी, कधी देवळाच्या पायरीशी.
लोकांना वाटायचं, पाया पडतोय.

पंचाहत्तर मीटर.
एवढ्यावरून देवाला वास येत नाही,
पोरांना पाटी वाचता येत नाही,
असं कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं असणार.

उत्तमनगरला लीलाराम केसवानींचं दुकान.
पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.
मिसरूड न फुटलेलं पोर आलं की म्हणायचे,
"घरी जा बेटा, जाताना दही घेऊन जा."
समोर उंबराखाली एक दगड. नुसता दगड.
माल उतरवून हमाल त्यावर बसत.
एका पौषात कुणी शेंदूर लावला,
माघात पत्रा आला, चैत्रात घंटा,
आणि वैशाखात आम्ही, फीत घेऊन.

७४.६०

केसवानी म्हणाले, "साहेब, दुकानाची पायरी आत घेतो."
साहेब म्हणाले, "देव आत घेतो का विचारा."
सगळे हसले.
मीही हसलो, वाकूनच.

द्राक्षाचं बरं असतं या गावात.
पाहुणे येतात, घमेल्यात पाय घालून फोटो काढतात.
सातूच्या नशिबी पंचनामा.
अंबडला तन्मय आहेर नावाचा पोरगा बिअर बनवतो,
टाक्या अशा, की भांग पाडून घ्यावा.
स्वतःच्या फाटकात एक बाटली विकायची
तर सात टेबलं,
आणि आठव्या टेबलावरचे रजेवर.

केसवानींचं दुकान गेलं लिंक रोडच्या पुढे,
जिथं देव नाही, शाळा नाही,
दिवाही नाही.

परवा सुनावणीला सुगंधाबाई पगारे उठल्या.
आडवी बाटली दोनदा लढवलेली बाई,
दोनदा मतं कमी पडली.
सगळ्यांनी धरलं, आता कडाडणार.
बाई म्हणाल्या,
"दुकान लांब नेलंत, पिणं नाही लांबलं.
आधी साडेआठला यायचा. शिव्या देत, पण यायचा.
आता अकरापर्यंत रस्त्याला कान लावून बसते,
प्रत्येक मोटारसायकल त्याचीच वाटते."
मग जरा थांबून,
"आणि दुधाच्या पिशवीशेजारी मांडाल, तर तेही नको मला.
काय हवंय ते नीट सांगता येत नाही.
तसंच लिहून घ्या."
लिहिणाऱ्यानं काय लिहिलं, दिसलं नाही.

तर माझं राहिलेलं असं.
फीत कापडी होती.
तेवीस उन्हाळे ताणलेली, दोन पुरांत भिजलेली.
मी शिंप्याचा पोरगा, मला कळायला हवं होतं,
कळलंही होतं :
फीत ताणली की माप घटतं.
त्या रात्री घरी नेऊन लोखंडी पट्टीला लावली.
मीटरमागे अर्ध्या सेंटिमीटरहून जरा जास्त.
पंचाहत्तरचा हिशेब तुम्ही करा.
मी तेव्हाच केला,
आणि सकाळी फीत गुंडाळून कपाटात परत ठेवली.
पेन्शनला चार वर्षं होती.

अर्ज तीन प्रतींत मागितलाय.
झेरॉक्सला उत्तमनगरला गेलो.
गाळा तोच, शटर तेच,
हिरव्या रंगाखालून अजून 'थंड' एवढं वाचता येतं.
मशीनवरची पोरगी म्हणाली,
"काका, कडेचं थोडं कापलं जाईल. चालेल?"
समोर कुणीतरी घंटा वाजवली.
मी विचारलं, किती?
तिनं दोन बोटांत दाखवलं.
एवढंसं.