उंटाचं डोकं

पायवाटेवरच्या खुणा रंगवायचं काम माझ्याकडे आहे.
मे महिन्यात वाटा बर्फाखालून वर आल्या की निघायचं:
निळ्या रंगाचा डबा, एक ब्रश, खिशात
वाळवलेल्या दह्याच्या चार खारट गोळ्या.
आधी हे काम बाबांचं. वनरक्षक काबदेश.
त्यांचा हात थरथरायचा,
म्हणून पाइनच्या खोडांवर जुन्या खुणांना
अजून शेपट्या आहेत. त्यांवर मी ब्रश फिरवत नाही.

तिसऱ्या वळणावर, तळ्याच्या काठाशी
उंट बसलाय.
ग्रॅनाइटची दोन वशिंडं, लांब मान
आणि मानेवर, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखं
एक तोंड होतं.
मी सात वर्षांची होते त्या हिवाळ्यात
भेगेतलं पाणी गोठलं, फुगलं,
आणि रात्री कधीतरी डोकं तळ्यात गेलं.
सकाळी बर्फात एक भोक. दुपारपर्यंत तेही बुजलं.

पाटीवर उंट तसाच राहिला.
कारागंदीहून शाळेची बस येते, पोरं विचारतात,
डोकं कुठाय?
पाणी पितोय, मी म्हणते.
बाबा हेच सांगायचे.

यंदा बर्फच धड पडला नाही.
ऑगस्टपर्यंत तळं काठ सोडून आत आत गेलं,
लव्हाळे वाळले, होडी चिखलात कलंडली,
आणि एका मंगळवारी एर्मेक धापा टाकत आला:
राउशान, चल. डोकं दिसतंय!

उलटं पडलेलं. नाकपुड्या आभाळाकडे.
ओठात कुणाचा तरी गंजका गळ,
गालावर शेवाळ, वाळून कागद झालेलं.
रविवारी चारशे तिकिटं खपली.
एक नवरी पांढऱ्या झग्यात, चपला हातात घेऊन
चिखलातून तिथवर गेली, फोटोसाठी.
साहेब म्हणाले, क्रेन आणू, सिमेंटनं बसवू,
आता कुठे उंट पुरा झाला.
सगळे खूश. एर्मेकसुद्धा.

संध्याकाळी माणसं गेल्यावर
मी तळ्याच्या तळाशी उतरले,
जिथे आजवर फक्त मासे गेले होते.
उरलेलं डबकं तिथून चाळीस पावलांवर.
रंगाचा डबा विसळला, भरला,
आणि त्या तोंडावर ओतला.

दगड झरझर काळा झाला.
मी वर काठावर पोचेपर्यंत
पुन्हा पांढरा.

उद्या बस यायची आहे.
डोकं कुठाय, असं आता
कुणी विचारणार नाही.