काय आलं?

दिवाळीच्या जादा गाड्यांनी माझा आवाज नेला.
अकरा दिवस, दोन-दोन पाळ्या,
स्वारगेटच्या काचेच्या खोलीत बसून
मी लातूर म्हटलं, अक्कलकोट म्हटलं,
महाबळेश्वर विनाथांबा म्हटलं,
एका हरवलेल्या मुलाच्या शर्टाचा रंग चारदा सांगितला,
आणि भाऊबीजेच्या रात्री
सासवड म्हणताना 'सास' एवढंच निघालं.
उरलेलं 'वड' कंट्रोलर धुमाळांनी पूर्ण केलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ दिवस बोलायचं नाही,
कुजबुजायचं तर मुळीच नाही.
मी 'बरं' म्हणणार होते,
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. स्वतःच्या.

मग माळ्यावरून सुमेधची बालवाडीतली पाटी काढली,
पद्मावतीच्या भाजीच्या गाडीपाशी उभी राहिले
आणि लिहिलं : आलं.
तौफिक बागवाननं वाचलं.
"काय आलं, ताई?"
पुन्हा लिहिलं, ठळक : आलं!
"अहो पण काय आलं? पार्सल?"
मागची बाई म्हणाली, "अगं बाई, पाणी आलं असेल!"
आणि निवडलेली गवार तिथेच टाकून पळाली.
शेवटी मी हात वर केला,
बोटं वाकडी केली, पेरं सुजल्यासारखी फुगवली.
तेव्हा कुठे तो हसला.
सातारी, माती लागलेलं, पंजाएवढं,
वर दोन मिरच्या फुकट.

किसायचं नाही.
किसलं की निम्मा रस किसणीच पिते.
माती धुवायची, साल राहू द्यायची,
खलबत्त्यात घाव घालायचे, धागे सुटेपर्यंतच.
पाणी आधी नुसतं उकळू द्यायचं.
मग आलं, तीन मिरी, गवती चहाची पात
(आमच्या इमारतीच्या पंपाजवळ उगवते, कुणाचीच नाही,
म्हणून सगळे चोरून नेतात).
दोन कपांचा एक होईतो धीर.
गूळ गॅस बंद केल्यावर.

हे सगळं मी आजवर तोंडानं सांगत करायचे,
शेजारी कुणी असो नसो.
गप्प राहून केलं तेव्हा कळलं
पातेल्यालाही बोलायचं असतं,
आधी कडेकडेनं,
मग एकदम सगळं.

सुमेध सोळाचा. 'हं' वर दिवस काढणारा.
तिसऱ्या दिवशी क्लासवरून आला, दारातूनच म्हणाला,
"आई, तुझ्या जागी कॉम्प्युटरची बाई लावलीये.
भोरला 'बोर' म्हणते.
खेड म्हणून थांबते, मग शिवापूर म्हणते,
एक म्हातारा खेडच्या शोधात उठून गेला."

मी पाटी घेतली. खडू टेकवला. काही सुचेना.
कप त्याच्यापुढे सरकवला.
एक घोट, डोळ्यांत पाणी, "केवढं तिखट!",
आणि पुढे अर्धा तास तो बोलत राहिला :
फिजिक्स झेपत नाही,
सायकलचं ब्रेक, कुणीतरी ऋतुजा,
"आणि लहान होतो ना, तू घरी पण तसंच बोलायचीस,
जेवण लागलं आहे, जेवण सुटण्याच्या तयारीत आहे."
मला मध्ये बोलता येत नव्हतं.
एरवी बोलले असते. फिजिक्सपाशीच.

सहाव्या दिवशी पहाटे नियम मोडला.
तळजाईकडून गार वारा, ओट्यावर वाफ,
पहिला घोट घशातून जाळत उतरला,
त्याच्या मागोमाग, अगदी हळू, म्हटलं :
भोर.
'भ'ला पोटातून हवा लागते.
फाटका निघाला, कडेला थोडा खरखरला,
पण 'ब' नव्हता.

आतल्या खोलीतून, पांघरुणाखालून, आवाज आला,
"फलाट कितवा?"